गुहागरजवळचे घरगुती निवास आणि ओटीवरची शनिवारची बैठक

गुहागरजवळ, नारळी-पोफळीच्या वाडीत असलेल्या या घरगुती निवासाची शिफारस मी खोल्यांसाठी करणार नाही. खोल्या स्वच्छ आहेत, बांगडा आणि सोलकढी चोख असते, एवढे पुरे. येथे यावे ते शनिवारी रात्री जेवणानंतर ओटीवर भरणाऱ्या बैठकीसाठी. घराचे मालक हवाई दलातील निवृत्त लढाऊ वैमानिक असून ते मुक्कामी पाहुण्यांना आपल्या आठवणी सांगतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दलाच्या अकादमीत किरण या प्रशिक्षण विमानावर हात बसलेला तरुण आसाममधील तेजपूरला मिग-२१ हे लढाऊ विमान शिकायला गेला, की त्याला धडकी भरे ती उतरण्याची, कारण लहान त्रिकोणी पंखांचे ते विमान ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकत असे. हे समजावताना मालक, म्हणजे काका, पानाच्या तबकातला अडकित्ता उचलतात, त्याचे टोक वर करून तो हळूहळू खाली आणतात आणि विमानाचे नाक वर असताना समोरची धावपट्टी कशी झाकली जाते, ते दाखवतात.

कारगिलविषयी ते बोलतात ते हिशेबनीसाच्या अलिप्ततेने. २६ मे १९९९ रोजी हवाई हल्ले सुरू झाले आणि पहिल्या तीन दिवसांतच दोन लढाऊ विमाने व एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमवावे लागले. त्यानंतर खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, उंचावरूनच मारा करणे भाग पडले. विरळ हवेत बाँबचा मार्ग बदलतो, आणि नियंत्रण रेषा ओलांडण्यास सक्त मनाई असल्यामुळे हवी ती दिशाही घेता येत नसे. रात्रीच्या हल्ल्यांत मिग-२१ च्या वैमानिकांची भिस्त हातात धरायच्या जीपीएसवर आणि स्टॉपवॉचवर होती. येथे काका एखाद्या पाहुण्याला डोळे मिटून मनातल्या मनात तीस सेकंद मोजायला लावतात. ताशी ९०० किलोमीटर वेगात एका सेकंदाची चूक म्हणजे २५० मीटरचा फरक, हे त्यानंतर कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग मात्र घाईत उरकला गेला. त्याच वर्षी गणपतीला ते कोकण रेल्वेने चिपळूणला उतरून गावी आले, तेव्हा वाडीतला जो तो “किती विमानं पाडलीस रे?” असे विचारी, आणि त्या मोहिमेत आकाशात विमानांची झुंज झालीच नाही, हे कोणालाच पटत नसे. रात्री कौलांवर नारळाची झाप पडली तरी ते दचकून उठत, एवढे त्यांनी सांगितले. तोवर कोणीतरी सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या मिग-२१ च्या अपघातांचा विषय काढला आणि बैठक तिकडेच वळली. प्रश्न शेवटी घ्यावेत, अशी मालकांना नम्र सूचना आहे.

बैठक फक्त शनिवारी असते, त्यामुळे आरक्षण करताना वार पाहून घ्यावा. ओटीवर डासांचा त्रास होतो.