आरसी ट्रकचे टायर: तयार चाकं घ्यावीत, घरी चिकटवावेत की बीडलॉक लावावेत?

ट्रॅक्ससचा स्टॅम्पीड किंवा रस्लर, आर्माचा ग्रॅनाइट अशा 1/10 मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढ्या) रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचे टायर गुळगुळीत झाले की तीन पर्याय समोर येतात. रिमवर आधीच चिकटवून आलेली तयार चाकं, सुटे टायर-फोम-रिम आणून घरी चिकटवणं, किंवा स्क्रूने टायर आवळून धरणारे बीडलॉक रिम. निकाल आधीच सांगतो. 2 सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर मैदानात पळवणार असाल तर तयार चाकं घ्या, पण चालवण्याआधी कडा तपासा. जास्त वेग देणाऱ्या 3 सेलवर उड्या मारणार असाल तर बेल्टेड (आत कापडी पट्टा असलेले) टायर घ्या आणि ते घरी चिकटवायला शिका. बीडलॉक क्रॉलरसाठी, म्हणजे दगडांवरून हळू चढणाऱ्या ट्रकसाठी, ठेवा.

खरेदीआधी मापं नीट घ्या. 2.8 हा आकडा रिमच्या व्यासाचा, इंचांत आहे, म्हणजे सुमारे 71 मिमी. टायरची बाहेरची उंची वेगळी असते आणि ती पट्टीने मोजावी लागते. या वर्गात हब (रिम ज्यावर बसतो तो भाग) बहुतेक 12 मिमीचा षटकोनी असतो, पण रिम आत-बाहेर किती सरकतो ते मॉडेलनुसार बदलतं. काही टूव्हील ड्राइव्ह ट्रकचे पुढचे आणि मागचे रिम वेगळे असतात. हे न पाहता घेतलेलं चाक स्टिअरिंगच्या सांध्याला घासतं.

आता जोर किती पडतो ते पाहा. 125 मिमी व्यासाचा टायर ताशी 50 किमीला सेकंदाला साधारण 35 फेरे घेतो. त्या वेळी बाहेरच्या कडेचं 1 ग्रॅम रबर 300 ग्रॅमहून जास्त वजनाइतक्या जोराने बाहेर ओढलं जातं. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. त्यात वळणावर एक चाक जमिनीवरून उचललं गेलं, तर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) त्याला दुप्पट वेगाने फिरवू शकतो. म्हणून टायर सरळ धावताना टिकतो आणि वळणावर रिममधून निसटतो.

तयार चाकांचा फायदा उघड आहे: पाकीट फोडा, चार नट आवळा, निघा. मात्र कारखान्यातला गोंद सगळीकडे सारखा लागलेला नसतो. नवं चाक हातात घेऊन अंगठ्याने टायरची कड रिमपासून ओढत पूर्ण फेरा मारा, दोन्ही बाजूंनी. जिथे फट उघडेल तिथे पातळ गोंदाचा एक थेंब सोडा. पाच मिनिटांचं हे काम टायरचं आयुष्य ठरवतं. दुसरी उणीव अशी, की बऱ्याच तयार चाकांत उघड्या छिद्रांचा फोम असतो. तो पाणी पितो आणि काही महिन्यांत चुरगळतो. बंद छिद्रांचा फोम महाग आणि थोडा जड असतो, पण पाणी धरत नाही आणि आकार टिकवतो. तो हवा असेल तर सुटे भाग घ्यावे लागतात.

घरी चिकटवण्यात गोंदापेक्षा तयारी महत्त्वाची. लागतो तो सायनोअ‍ॅक्रिलेट. फेविक्विक त्याच कुळातलं, छोट्या दुरुस्तीला चालतं. चारही चाकं करायची असतील तर बारीक तोटीची पातळ गोंदाची बाटली घ्या. एपॉक्सी नको, ते कडक होतं आणि वाकणाऱ्या रबराबरोबर तडकतं.

टायर भांड्याच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असतो. वाळल्यावर फक्त कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रिमच्या खाचेवर (टायरची कड बसते तिथे) 220 नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. रिम क्रोमचा असेल तर खाचेतला क्रोम पूर्ण खरवडून काढा, नाहीतर गोंद क्रोमला धरेल आणि क्रोम रिमला सोडेल. रिमवर अ‍ॅसिटोन वापरू नका. नायलॉनला तो चालतो, पण एबीएस प्लास्टिक विरघळतं आणि रिम कशाचा आहे ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

फोम घालून टायर बाहेरून दाबत फिरवा. सुरकुती राहिली तर तिथेच चाक कायम थडथडेल. टायरवरची नक्षी एका दिशेची असेल तर डावी-उजवी जोडी आधीच लावून घ्या. कड खाचेत बसली की टायरभोवती रुंद रबरबँड चढवा. मग 90 अंशांवर चार ठिकाणी एकेक थेंब सोडा, मिनिटभर थांबा आणि मधल्या जागा भरत जा. पातळ गोंद फटीत आपोआप ओढला जातो, धार सोडायची गरज नाही. 10-15 मिनिटांनी चाक उलटं करा. दोन्ही बाजू झाल्यावर रात्रभर ठेवा. काम हवेशीर जागी, चष्मा लावून करा. हातात नायट्राइलचे मोजे घाला, सुती नकोत. सुतावर हा गोंद सांडला तर तापतो आणि कातडी भाजते.

हा गोंद हवेतल्या ओलाव्याने पकडतो. म्हणून कोकणात जुलैमध्ये तो झपाट्याने धरतो आणि कडेला पांढरी साय येते. ती फक्त दिसायला वाईट. लवकर सुकावं म्हणून फवारायचा अ‍ॅक्टिव्हेटर टाळा, सांधा ठिसूळ होतो. गोंद जास्त झाला तर तो आत ओघळून फोमवर गोळा होतो, किंवा टायरची भिंत कडक करतो आणि रबर नेमकं सांध्याशेजारी फाटतं.

सुटलेला टायर बारकाईने पाहा. गोंदाचा थर टायरकडे राहिला असेल तर रिम नीट साफ नव्हता. रिमकडे राहिला असेल तर रबरावर तेलकटपणा होता. रबरच फाटलं असेल तर सांधा पक्का होता आणि टायरवर ताण जास्त पडला. ही तिसरी खूण बेल्टेड टायरकडे जायला सांगते.

पाण्याचाही विचार हवा. हवेला वाट नसेल तर उडीनंतर आपटताना आतली हवा कड फाडून बाहेर येते. रिममधली भोकं हे काम करतात, पण त्यांतूनच चिखल आत शिरतो. साध्या टायरला पावसाळ्यात दुसरा उपाय सोपा: रिमची भोकं आतून टेपने बंद करा आणि टायरच्या मधल्या पट्ट्यात चामड्याच्या पंचने समोरासमोर दोन 3 मिमी भोकं पाडा. फिरताना पाणी तिथून फेकलं जातं. बेल्टेड टायरला हे करू नका, आतल्या पट्ट्याचे धागे तुटतात.

बीडलॉकमध्ये गोंद नाही, म्हणून तो मोहात पाडतो. प्रत्येक रिमला कड्या आणि अनेक बारीक स्क्रू. वजन वाढतं आणि वेगात स्क्रू सैल होऊ शकतात. 1.9 इंची क्रॉलरला तोच भार खाली असल्याने फायद्याचा, शिवाय फोम हवा तेव्हा बदलता येतो. पळणाऱ्या ट्रकला तो भार अ‍ॅक्सलवर ओझं आहे. खरेदी करताना एक खात्री करा: कित्येक रिमवरचे स्क्रू फक्त शोभेचे असतात आणि टायर शेवटी चिकटवावाच लागतो.

साधा की बेल्टेड हा प्रश्न वेगाचा आहे. साधा मऊ टायर 3 सेलवर मध्यभागी फुगतो. जमिनीला टेकणारा भाग अरुंद होतो, ट्रक भरकटतो आणि कडेवर ताण वाढतो. बेल्टेडच्या आत कापडी पट्टा असल्याने तो आकार सोडत नाही. प्रो-लाइनचे ट्रेंचर आणि बॅडलँड्स 2.8 मापात दोन्ही प्रकारांत मिळतात. दगडधोंडे आणि सैल माती यांवर कमी वेगात मात्र साधा टायर जमिनीला जास्त बिलगतो, आणि तो स्वस्तही आहे. मधला मार्ग हवा असेल तर चिकटवण्याआधी साध्या टायरच्या आतून, अल्कोहोलने पुसून, मजबूत कापडी टेपचे दोन वेढे द्या. टेप फक्त मधल्या सपाट भागापुरती कापा, भिंतीवर चढू देऊ नका. फुगणं कमी होतं, थांबत नाही.

जुने रिम चांगले असतील तर टाकू नका. नायलॉनचं चाक उकळत्या पाण्यात 20-30 मिनिटं ठेवलं की गोंद ढिला पडतो आणि टायर पक्कडने ओढून निघतो. पातळ एबीएस रिम मात्र यात वाकडा होऊ शकतो.

उंच टायर लावला की गिअरही उंच होतो, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि भार वाढतो, आणि मोटर तापण्याचं कारण बहुधा इथे सापडतं. 110 मिमीच्या जागी 125 मिमी लावला आणि पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) 20 दातांचा असेल, तर जुन्याइतकाच भार ठेवायला 20 गुणिले 110 भागिले 125, म्हणजे 17.6 दात हवेत. 17 घ्या. पाच मिनिटं चालवून मोटरला हात लावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर 16 घाला.