डेन्मार्कला मुलांना पाठवताय? खोलीचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा

रक्कम आधीच सांगते: ३,०५,५५० रुपये. दोन वेळा मिळून गेले. त्यातले थोडे माझ्या आवर्ती ठेवीतले, बाकीचे भावाकडून उसने घेतलेले. परत एक रुपयाही आलेला नाही आणि येईल असं मला वाटत नाही.

मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या करारातून एका सेमिस्टरसाठी डेन्मार्कच्या विद्यापीठात तिची निवड झाली. एक्स्चेंजला तिथली फी लागत नाही, इथल्या कॉलेजची भरायची तीच. खर्च उरतो तिकिटाचा, राहण्याचा आणि खाण्याचा. म्हणून तर आमच्यासारख्या घराने हिंमत केली. रेसिडेन्स परमिट हातात पडेपर्यंत जुलै २०२४ संपत आला आणि कोपनहेगनला वर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीला. तिथे साऱ्या देशाचे विद्यार्थी ऑगस्टमध्येच खोल्या शोधत असतात. कोलेगियम, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, त्यांची प्रतीक्षायादी लांबलचक. विद्यापीठाने तर पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की राहण्याची हमी आम्ही देत नाही. ज्यांची निवड झाली आहे त्यांनी परमिटची वाट न बघता त्याच आठवड्यात वसतिगृहाचे अर्ज टाका. परमिट आल्यावर शोधायला लागलात की फक्त चोरांच्याच खोल्या रिकाम्या दिसतात.

पुढचं काय ते तुम्ही ओळखलं असेल. समाजमाध्यमावरच्या एका गटात जाहिरात, सुंदर फोटो, मालक कामासाठी परदेशी, चावी कुरिअरने. हा प्रकार मलाही माहीत होता. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून रोज बजावते. तेव्हा "तुम्हाला एवढंही कळलं नाही का?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना माझं उत्तर आहे की आम्हाला बरंच काही कळत होतं आणि आम्ही बरंच काही विचारलंही होतं. त्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं.

खोली नॉरेब्रोमध्ये, म्हणजे कोपनहेगनच्याच एका भागात, भाडं महिना ५,२०० क्रोनर (डेन्मार्कचं चलन). हे स्वस्त नाही. ३,००० म्हणाला असता तर आम्ही दुसऱ्या मिनिटाला सोडून दिलं असतं. त्याने घाई केली नाही. उलट मुलीलाच विचारलं, सिगारेट ओढतेस का, रात्री पाहुणे येतात का, फोडणीचा वास शेजाऱ्यांना त्रास देईल का. फसवणाऱ्यांपासून जपून राहा, असंही त्यानेच लिहिलं. आणि सीपीआर नंबरचा विषयही त्यानेच काढला. हा तिथला ओळख क्रमांक, डेन्मार्कमध्ये राहत्या पत्त्यावर नोंदणी झाली की मिळतो. त्याच्याशिवाय पिवळं आरोग्य कार्ड नाही, मिटआयडी म्हणजे तिथली डिजिटल ओळख नाही, बँकेचं खातं नाही. पत्त्यावर नोंदणी करू देत नाही म्हणणारा मालक संशयास्पद, हे मुलीने सगळीकडे वाचलं होतं. हा म्हणाला, "नोंदणी खुशाल कर, मी पत्र देतो." तिथेच आमचा विश्वास बसला. म्हणून सांगते, धोक्याच्या खुणांची जी यादी तुम्ही पाठ केली आहे, ती त्यांनीही पाठ केलेली असते.

डिपॉझिटचंही तसंच. तिथल्या भाडे कायद्याप्रमाणे मालक तीन महिन्यांचं डिपॉझिट घेऊ शकतो, आणि वर तीन महिन्यांपर्यंतचं आगाऊ भाडंही. याने तीन महिन्यांचं डिपॉझिट १५,६०० आणि पहिल्या महिन्याचे ५,२००, एकूण २०,८०० क्रोनर मागितले. आम्ही कायदा वाचला आणि म्हटलं, हा तर कमीच मागतोय. करारही डॅनिश भाषेतल्या छापील नमुन्यावर होता. तो नमुना कुणीही उतरवून घेऊन भरू शकतो, हे आता कळतं. पासपोर्टचा फोटो पाठवला, तोही डॅनिश. तो कुणा बिचाऱ्याचा होता देव जाणे.

आता त्या दिवसाबद्दल, जो माझ्या डोक्यातून जात नाही. मी बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरत होते. काउंटरवरच्या मुलाने खात्याचा नंबर टाइप केला आणि विचारलं, "मॅडम, डेन्मार्क म्हणालात ना? इथे लिथुआनिया दिसतंय." त्या नंबरची पहिली दोन अक्षरं एलटी होती. युरोपातल्या खात्याचा नंबर, ज्याला आयबॅन म्हणतात, तो देशाच्या दोन अक्षरांनी सुरू होतो. डेन्मार्कचा डीकेने, आणि अक्षरं-आकडे मिळून १८ जागांचा. आमच्या कागदावरचा २० जागांचा होता. पेन हातात होतं, सही व्हायची होती. मी त्याला थांबवलं आणि मुलीला फोन लावला. तिने मालकाला विचारलं. पाचच मिनिटांत उत्तर आलं की माझी बँक ऑनलाइन आहे, तिची नोंदणी लिथुआनियात आहे, युरोपात आता सगळे असंच करतात, म्हणूनच रक्कम युरोत सांगितली. क्रोनर युरोला बांधलेलं आहे, एका युरोला ७.४६ क्रोनरच्या आसपास, त्या हिशेबाने २०,८०० क्रोनरचे २,७८८ युरो. मी कॅल्क्युलेटरवर पाहिलं, हिशेब बरोबर होता.

मी काय करायला हवं होतं, हे मला सांगू नका. आयएफएससी कोड मी झोपेतही ओळखते. आयबॅन मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. शिवाय त्याचं अर्धं बोलणं खरं होतं. लिथुआनियात नोंदलेल्या ऑनलाइन बँका आहेत आणि युरोपातली साधी माणसं त्या वापरतात. पण नॉरेब्रोतल्या खोलीचा मालक, डॅनिश माणूस, क्रोनरमध्ये भाडं ठरवतो आणि स्वतःच्या देशातलं खातं देत नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र मांडून बघायला त्या काउंटरसमोर मला कुणी दहा मिनिटं दिली असती तर! मागे रांग होती, बँकेची वेळ संपत आली होती, आणि ज्याला शंका आली त्या मुलानेही "मग टाकू का?" एवढंच विचारलं. डेन्मार्कच्या खोलीसाठी डीके सोडून दुसऱ्या कुठल्याही अक्षरांच्या खात्यावर पैसे पाठवू नका. मालक कितीही समजावू दे.

९३.६० रुपये दराने २,६०,९५७ रुपये आणि बँकेचं शुल्क १,१८० रुपये. हा पहिला हप्ता.

आठवड्याने त्याचं पत्र आलं. सोसायटीच्या नियमाप्रमाणे फर्निचरचा विमा ४५० युरो, खोली सोडताना परत. दर थोडा चढला होता, ४२,२३३ रुपये आणि पुन्हा १,१८०. हा दुसरा हप्ता का भरला, असं घरच्यांनीही मला ऐकवलं. पहिले अडीच लाख त्याच्या हातात होते म्हणून भरला. नाही म्हटलं तर करार मोडला म्हणून तो तेही ठेवून घेईल, अशी भीती होती. दुसरी मागणी रकमेने लहानच असते, ती लहान का असते ते यावरून समजा.

तिसरी मागणी आली चावीच्या कुरिअरची, ३०० युरो. तेव्हा मात्र मुलीने तिच्या बडीला लिहिलं. एक्स्चेंजच्या मुलांना विद्यापीठ तिथला एक विद्यार्थी सोबती म्हणून देतं, त्याला बडी म्हणतात. त्याचं स्वागताचं पत्र जुलैतच आलं होतं. अनोळखी मुलाला कामाला कसं लावायचं, म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. तो सायकलवर गेला आणि तासाभरात त्याचा फोन आला. तिथल्या इमारतींच्या दारावर बेलच्या शेजारी राहणाऱ्यांची नावं असतात. त्या मजल्यावर आमच्या मालकाचं नाव नव्हतं. जे कुटुंब राहत होतं त्यांनी दार उघडून सांगितलं की घर आमचं आहे, भाड्याने द्यायचं नाही, आणि याआधीही कुणीतरी विचारायला आलं होतं. तुमच्या मुलांना बडी मिळाला असेल तर पैसे पाठवण्याआधी त्याला खोलीत जाऊन उभं राहायला सांगा. दारापर्यंत नव्हे, खोलीत. तिथून व्हिडिओ कॉल करायला सांगा. लाज बाळगू नका.

फोटोंबद्दलही नंतर कळलं. डेन्मार्कमधल्या भिंतीवरच्या प्लगची भोकं हसऱ्या चेहऱ्यासारखी दिसतात, दोन गोल आणि खाली अर्धगोल. आमच्या फोटोतले प्लग खोलगट, गोल वाटीसारखे होते. म्हणजे ती खोली बहुधा डेन्मार्कमधली नव्हतीच. हे नाशिकमध्ये बसून कुणाला माहीत असणार? तुम्हाला आता माहीत झालं आहे, तेव्हा फोटो मोठे करून बघा.

यानंतर जे झालं त्याचा मला चोरापेक्षा जास्त राग आहे.

बँकेत गेले. ज्या शाखेने शुल्क कापून घेतलं, त्याच शाखेत मला सांगण्यात आलं की फॉर्मवर सही तुमची आहे. पैसे परत मागवण्याचा संदेश पाठवायचे ५९० रुपये वेगळे. उत्तर आलं की समोरच्या खातेदाराची संमती असल्याशिवाय रक्कम परत करता येत नाही. चोराची संमती! मी विचारलं की नाव आणि खातं जुळतं का, हे तरी कुणी पाहिलं होतं का? म्हणे पैसे नंबरवर जमा होतात, नावावर नाही. मग फॉर्मवर नावासाठी एवढी मोठी चौकट कशाला ठेवली आहे?

पोलीस ठाण्यात गेले. तासभर बाकावर बसवलं. नंतर एक साहेब म्हणाले, "ताई, गुन्हा डेन्मार्कमध्ये घडलाय." मी म्हटलं, पैसे इथून गेलेत, मी इथली आहे, बँक समोरच्या रस्त्यावर आहे. "ऑनलाइन तक्रार केली ना, मग झालं." त्या तक्रारीचा नंबर आहे, पुढे काही नाही. मुलगी तिथे पोहोचल्यावर कागद छापून तिथल्या पोलीस चौकीत गेली. त्यांनी नीट बसवलं, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं, आणि सांगितलं की पैसे भारतातून लिथुआनियाला गेलेत, डेन्मार्कमध्ये आलेच नाहीत. काही आठवड्यांनी तपास बंद केल्याचं पत्र. म्हणजे गुन्हा भारताच्या मते डेन्मार्कचा, डेन्मार्कच्या मते लिथुआनियाचा, आणि लिथुआनियाच्या पोलिसांना तक्रार कुठल्या भाषेत करायची हे सांगायला कुणी तयार नाही. तीन देशांची पोलीस खाती, दोन बँका, आणि एकानेही त्या खात्याचं नाव उघडून पाहिलं नाही. त्याच खात्यावर आणखी किती घरांचे पैसे गेले असतील?

कॉलेजमध्ये विचारलं तर राहण्याची जबाबदारी आमची नाही, आम्ही शैक्षणिक बाजू बघतो. तिथल्या विद्यापीठाने सूचनांच्या पानाचा पत्ता पाठवला, ज्यात फसवणुकीपासून सावध राहा असं लिहिलेलं आहे. आमच्या मुलीने ते पान वाचलेलं होतं!

तुमच्यावर ही वेळ आलीच तर बँकेशी वाद घालत बसू नका. त्याच तासात १९३० वर, म्हणजे आपल्याकडच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा आणि मगच बँकेत जा. पैसे खात्यात जमा होण्याआधी अडवले गेले तरच काही आशा. डेन्मार्कमध्ये तातडी नसलेल्या तक्रारीसाठी पोलिसांचा नंबर ११४ आहे. सगळ्या चॅट सेव्ह करून ठेवा, आम्ही जाब विचारला त्या क्षणी त्याने सगळं पुसून टाकलं.

मुलगी गेली. जायचं की नाही यावर घरात दोन रात्री भांडणं झाली, पण गेली. सुरुवातीला प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये बारा जणींच्या खोलीत एक पलंग. तो पत्ता नोंदणीला चालेना, म्हणून सीपीआर नाही. सीपीआर नाही म्हणून खातं नाही. खातं नाही म्हणून जे खरे मालक भेटले तेही कां कूं करायला लागले. शेवटी रोस्किल्डला खोली मिळाली, कोपनहेगनपासून तीस किलोमीटर, ४,८०० क्रोनर. स्वतः जाऊन पाहिली, नळ सोडून पाहिला, आणि डिपॉझिट डीकेने सुरू होणाऱ्या खात्यावर भरलं. पहिले दोन-तीन आठवडे हॉस्टेलचा खर्च धरूनच मुलांना पाठवा. महाग वाटेल, पण आमच्याइतकं महाग पडणार नाही.

एक गोष्ट अजून संपलेली नाही. करारासाठी म्हणून मुलीने त्या माणसाला स्वतःच्या पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची प्रत पाठवली होती, कोरी, कसलीही आडवी ओळ न मारता. ठाण्यात म्हणाले, पासपोर्ट हरवलेला नाही, मग तक्रार कशाची घ्यायची? पण आम्हाला जसा कुणा डॅनिश माणसाचा पासपोर्ट पाठवला, तसा आता हिचा कुणाला तरी जाणार. तेव्हा प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कारण आडवं मोठ्या अक्षरात लिहून द्या. आणि कोपनहेगनच्या खोलीची मालकीण म्हणून तुम्हाला एखाद्या मराठी नावाच्या मुलीचा पासपोर्ट आला, तर पैसे पाठवू नका. त्या मुलीची कुठेही खोली नाही. ती स्वतःच फसवली गेलेली आहे. तो फोटो आणि खात्याचा नंबर तक्रारीला जोडा, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी दोन तक्रारी एकत्र येतील.