उंच केलेली वॅगन आर आणि काळी माती : नऊ महिन्यांचा अनुभव

अमळनेरहून आमचं शेत अकरा किलोमीटर. नऊ किलोमीटर डांबरी, शेवटचे दोन पाणंदीचे. सगळं दुखणं त्या दोन किलोमीटरांत आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोऱ्या खोल होतात आणि मधला वरंबा तसाच उभा राहतो. छोट्या गाडीची चाकं चाकोरीत उतरली की पोट वरंब्यावर टेकतं. मागे आई, शेजारी मजूर आणि डिकीत 45 किलोच्या युरियाच्या दोन गोण्या असल्या की विचारायलाच नको.

गाडी 2013 ची वॅगन आर. कागदावर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची उंची, 165 मिमी, पण तो रिकाम्या गाडीचा. भरल्या गाडीखाली मी टेप लावून मोजलं तर त्यातले तीन-साडेतीन सेंटिमीटर गेलेले होते. मे महिन्यात ठरवलं की मृगाच्या आत काहीतरी करायचंच.

मामेभाऊ सैन्यात आहे, काश्मीरात राहून आलेला. त्याचा आग्रह होता की बर्फात चालतात तसले टायर आणि साखळ्या घे. मी बरंच वाचलं, चार जाणत्या मिस्त्रींना विचारलं आणि तो नाद सोडला. बर्फाच्या टायरचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहावं असं बनवलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44 वर जातो, तिथे ते झिजून जाईल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बर्फ टायरच्या खाचांत दाबून बसला की त्याचा उपयोगच होतो, कारण बर्फाला बर्फ धरतो. काळी माती उलट वागते. ती खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि मग नवा काय, जुना काय, सारखाच घसरतो.

शेवटी तीन कामं केली. 145/80 आर13 चे टायर काढून त्याच रिमवर 155/80 आर13 घातले. चाकाचा व्यास 562 वरून 578 मिमी झाला, म्हणजे उंची फक्त 8 मिमी वाढली. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 82 च्या वर असते, हे हायवेवर लक्षात ठेवावं लागतं. दुसरं, चारही बाजूंना सस्पेन्शनवर स्पेसर, म्हणजे गाडी वर उचलणारे जाड तुकडे. तिसरं, मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर. बफरने रिकामी गाडी फारशी उचलली जात नाही, पण गोण्या टाकल्यावर मागून जी बसायची ती आता बसत नाही. माझ्या मते तिन्हींत पैसे सगळ्यात जास्त इथेच वसूल झाले.

स्पेसरच्या बाबतीत मात्र मी फसलो. एका गॅरेजवाल्याने "जास्त उचलू, टेन्शनच नको" म्हणून थेट 35 मिमीचे घातले. गाडी दिसायला रुबाबदार झाली, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कट-कट आवाज. गाडी उचलली की एक्सल (चाक फिरवणारा दांडा) तिरका होतो आणि त्याच्या सांध्यांवर ताण येतो, हे त्याने सांगायला हवं होतं. दहा दिवसांत ते काढून 20 मिमीचे बसवले आणि अलाइनमेंट करून घेतली. अलाइनमेंट टाळू नका, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातील. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि हे सगळं करण्याआधी आरटीओत व विमावाल्याकडे विचारा. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मनाई आहे.

पाऊस लागला आणि खरी परीक्षा सुरू झाली. पोट टेकणं जवळपास थांबलं. पण गाडी फसणं थांबलं नाही! आषाढात पहिल्याच मोठ्या पावसानंतर नाल्याच्या चढावर पुढचं डावं चाक जागच्या जागी फिरू लागलं, उजवं शांत. उंचीने फक्त पोट वाचतं, पकड येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. डिफरन्शियल इंजिनाचा फेर दोन चाकांत वाटतो, पण साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक घसरतं त्यालाच सगळा फेर जातो. हँडब्रेक थोडा ओढून बघ असं बरेच जण सांगतात, पण आपल्या गाडीत तो मागच्या चाकांना लागतो आणि ओढतात पुढची, तेव्हा काहीच होत नाही. शेजारच्या मळ्यातले काका बैलजोडी घेऊन आले. "काय व्हयनं भाऊ, गाडी फसनी का?" म्हणाले आणि बांधावरच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भारा चाकापुढे टाकून दिला.

त्यानंतर मी पद्धतच बदलली. डांबर संपलं की पुढच्या चाकांची हवा 32 वरून 22 वर आणतो. टायर जमिनीला जास्त टेकतो आणि वाकताना खाचांतला चिखलही थोडा सुटतो. 20 च्या खाली मी जात नाही, ट्यूबलेस टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये उचलतो, रेस अगदी हलकी. तो नाल्याचा चढ आता रिव्हर्समध्ये चढतो. उलट चढताना ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. श्रावण-भादव्यात त्या चढावर एकदाही बैल जुंपावे लागले नाहीत. परतीला लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंपाने हवा भरतो, एका चाकाला चार मिनिटं.

चिखलाच्या दिवशी डांबरावर आल्यावर साठच्या वर स्टिअरिंग थरथरायचं. मी बॅलन्सिंगला दोनदा पैसे घालवले. कारण सापडलं ते गाडीखाली वाकल्यावर: रिमच्या आतल्या बाजूला मूठभर माती वाळून विटेसारखी बसलेली, एकाच ठिकाणी. खुरप्याने खरवडली आणि थरथर गेली. आता खुरपं डिकीतच असतं.

तोटेही आहेत. गाडी वळणावर जास्त झुकते. कन्नडच्या घाटात पूर्वीसारखी बिनधास्त चालवत नाही. मायलेज माझ्या हिशेबाने लिटरला एक-दीड किलोमीटरने कमी झालं. आईला चढताना पाऊल जास्त उचलावं लागतं, गुडघे दुखतात तिचे, म्हणून एक लाकडी पाट ठेवला आहे.

जानेवारीत डाव्या एक्सलचा सांधा झाकणारं रबरी बूट फाटलं. चाकाच्या आत सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं दिसलं म्हणून वेळेवर कळलं. माती आत गेली असती तर सांधाच बदलावा लागला असता. उजव्याला अजून चीर नाही. दर महिन्याला त्याच्या वळ्यांवरून बोट फिरवून बघतो.