मोठे फोटो लहान करणारे ॲप: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र चालवतो. सात-बारा, पासबुक, विद्यार्थ्यांचे दाखले आणि खरिपात पिकाच्या नुकसानीचे फोटो लहान करून पुढे पाठवणे हे माझे रोजचे काम आहे. लॅपटॉप आहे, परंतु वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे बहुतेक काम ३ जीबी रॅमच्या जुन्या अँड्रॉइड फोनवरच करावे लागते. त्या फोनवर जूनपासून वापरत असलेल्या ॲपविषयी हे लिहीत आहे. पुढे तक्रारीही असल्यामुळे त्याचे नाव मुद्दाम देत नाही.

याआधीचे ॲप मोठा फोटो उघडताच बंद पडत असे. दोष फोनचा, असेच मी धरून चाललो होतो. ॲप बनवण्याचे काम करणारा माझा आतेभाऊ दिवाळीला गावी आला, तेव्हा त्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. गावातील एका मुलाने ४८ मेगापिक्सेलवर काढलेला फोटो ८००० बाय ६००० पिक्सेलचा, म्हणजे तेवढ्या बारीक रंगीत ठिपक्यांचा होता. फाइल ११ एमबीची दिसत असली, तरी ती दाबून बांधलेल्या रुईच्या गाठीसारखी असते. सोडली की खोलीभर होते. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तर ४ कोटी ८० लाख पिक्सेलना सुमारे १९२ एमबी मेमरी लागते, आणि अँड्रॉइड एका ॲपला ठरावीक वाट्यापलीकडे मेमरी देत नाही.

नवे ॲप ती गाठ पूर्ण सोडतच नाही. जेपीईजी, म्हणजे फोनवर सहसा वापरल्या जाणाऱ्या प्रकारचा फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत साठवलेला असतो आणि प्रत्येक चौकोन उघडतानाच अर्धा, पाव किंवा अष्टमांश आकारात वाचता येतो. पाव आकारात तोच फोटो २००० बाय १५०० पिक्सेलचा होतो आणि १२ एमबीत मावतो. तिथून हव्या त्या मापावर आणणे जुन्या फोनलाही जड जात नाही. एकदम चाळीस फोटो निवडले, तरी हे ॲप एक फोटो संपवून मेमरी मोकळी करते आणि मगच दुसरा हाती घेते. सात महिन्यांत ते दोनदाच बंद पडले, तेही फोन तापलेला असताना.

इंटरनेट लागत नाही, हीदेखील मोठी सोय आहे. लोकांचे आधार आणि पासबुक आपल्या हाती असतात, म्हणून विमान मोड लावून मी ते आधी तपासले होते. सर्व काम फोनमध्येच होते.

माझी पहिली चूक मापाची झाली. फाइल हलकी व्हावी म्हणून मी सात-बाराची लांब बाजू ८०० पिक्सेलवर आणत होतो. एके दिवशी तालुक्याहून फोन आला, “भाऊ, गट क्रमांकातला शेवटचा आकडा एक आहे का नऊ?” मी फोटो मोठा करून पाहिला, तर १ आणि ९ मधला फरक दोन-तीन करड्या ठिपक्यांत विरून गेला होता. ए-४ कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर असते. तिला ८०० पिक्सेल दिले, तर दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम पाच पिक्सेल येतात. १६०० दिले, तर अकराच्या आसपास. तेव्हापासून कागदपत्रांसाठी लांब बाजू १६०० आणि गुणवत्ता शंभरपैकी ८० ठेवतो.

‘५० केबीच्या आत’ हा पर्याय मात्र मला पटला नाही. ॲप मापाला हात न लावता गुणवत्ताच खाली खेचत जाते, आणि चेहऱ्यावर चौकोनी चकत्या उमटतात. पासपोर्ट फोटोसाठी मी आधी माप स्वतः कमी करतो आणि मग हा पर्याय वापरतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पुन्हा लहान करणेही टाळतो. तो वाटेत एकदा दाबला गेलेला असतो आणि प्रत्येक जतन करण्यागणिक तपशील घटतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवणे बरे.

सुरुवातीला उभे फोटो आडवे होऊन बाहेर पडत. फोन कॅमेऱ्याच्या दिशेनेच चित्र साठवतो आणि ते किती फिरवून दाखवायचे याची नोंद सोबत ठेवतो. लहान करताना ती नोंद गळत होती. सप्टेंबरमधील अपडेटनंतर हा दोष गेला.

स्थळाची नोंद मात्र आजही गळते. अतिवृष्टीत एका काकांच्या धुऱ्यालगतची पऱ्हाटी पाण्याखाली गेली. त्यांनी जागेवर काढलेल्या सहा फोटोंमध्ये अक्षांश-रेखांश होते. मी ते लहान करून मूळ फोटो पुसले आणि नंतर फोटो त्याच शेतातले असल्याची खातरजमा करण्याची वेळ आली, तेव्हा दाखवायला काहीच उरले नव्हते. काका रागावले नाहीत, परंतु पाणी ओसरलेल्या शेतात मला त्यांच्याबरोबर पुन्हा जावे लागले. स्थळाची नोंद कायम ठेवण्याचा पर्याय द्यावा, असे मी ॲप बनवणाऱ्यांना दोनदा कळवले असून उत्तर आलेले नाही. तोवर पिकाचे मूळ फोटो शेतकऱ्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये मेमरी कार्डावर ठेवतो आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत पुसत नाही.