२५० रुपयात समुद्राचा तळ, वरवंट्यासकट

रविवारी कर्वे रोडजवळच्या एका हॉलमधे हिमनद्या वितळल्यावर समुद्राचं काय होतं यावर दोन तासांचा कार्यक्रम होता, तिकीट २५०, भाच्याला घेऊन गेलो होतो. आधी तक्रारी उरकतो. पार्किंग शून्य, माईक दर पाच मिनिटांनी गचके खात होता, आणि पहिला अर्धा तास नुसत्या स्लाईड्स, त्याही इतक्या फिकट की ग्रीनलंड कुठला आणि ढग कुठला कळत नव्हतं. चहा मात्र चांगला होता, आलं घातलेला.

पण मग कार्यक्रम घेणाऱ्या मॅडमनी लॅपटॉप बंद केला आणि टेबलावर सामान मांडलं, तिथून पैसे वसूल व्हायला लागले. पहिला प्रयोग शाळेतलाच, एका भांड्यात तरंगता बर्फ, दुसऱ्यात दगडावर ठेवलेला. तरंगता वितळला तरी पातळी तीच राहते, दगडावरचा वितळला की चढते. यावर मागच्या रांगेतले एक काका उठलेच (पुण्यात कोणीतरी उठणारच), म्हणे समुद्र खारा असतो, तुम्ही नळाचं पाणी घेतलंत. आणि काका बरोबर होते! खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याचा बर्फ वितळला तर पातळी किंचित वाढतेच, मॅडमनी लगेच मान्य केलं, वाद नाही घातला, याचे माझ्याकडून वेगळे मार्क.

खरी मजा पुढे. मेमरी फोमची उशी आणि तिच्यावर वरवंटा. वरवंटा म्हणजे जमिनीवरचा बर्फ. तो उचलला की खड्डा पटकन भरत नाही, हळूहळू वर येतो. कॅनडात हडसन बेच्या बाजूची जमीन अजूनही अशीच वर येतेय, काही ठिकाणी वर्षाला जवळजवळ १ सेंटीमीटर, आणि तिथला बर्फ जाऊन हजारो वर्षं झालीत. मग त्यांनी उशीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेली पिशवी ठेवली आणि तिथला फोम दबला. हेच समुद्राच्या तळाचं होतंय, वितळलेलं पाणी वरून ओझं टाकतं म्हणून तळ खाली जातो, १९९३ ते २०१४ मधे सरासरी वर्षाला साधारण ०.१३ मिलीमीटर. ऐकायला काहीच नाही, पण सॅटेलाईट फक्त पाण्याचा वरचा पृष्ठभाग मोजतो, तळ खाली गेलेला त्याला कळत नाही, त्यामुळे समुद्रात वाढलेलं पाणी जेवढं आहे त्यापेक्षा थोडं कमीच दिसतं. मी आजवर समुद्र म्हणजे बादली समजत होतो, बादलीचा बूड पण हलतो हे डोक्यातच नव्हतं.

दुसरा धक्का गुरुत्वाकर्षणाचा. ग्रीनलंडवर इतका बर्फ आहे की सगळा वितळला तर जगभर समुद्र सरासरी ७ मीटरहून जास्त चढेल, आणि एवढं वस्तुमान आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ घटला की ओढ सैल पडते, पाणी लांब जातं. म्हणजे ग्रीनलंडच्या किनाऱ्याला पातळी चक्क उतरते आणि वाटा येतो आपल्यासारख्या लांबच्यांना, सरासरीपेक्षा जरा जास्तच. आमच्या आत्याचं शेत दाभोळ खाडीकाठी आहे, उधाणात बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि मग दोन-दोन वर्षं भात नाही. तिला हे सांगितलं तर म्हणेल, बर्फ त्यांचा आणि चिखल आमचा होय रे.

गोड्या पाण्याने अटलांटिकमधले प्रवाह मंदावतात तो भाग मात्र पाच मिनिटांत गुंडाळला, घाई झाली होती, पुढचं बुकिंग असावं. तो नीट घ्यायला हवा होता.

५ पैकी साडेतीन. मुलं आठवीच्या पुढची असतील तर न्या, लहान कंटाळतात. पहिल्या दोन रांगांतच बसा, मागून टेबल दिसत नाही, आणि घरी वरवंटा लपवून ठेवा, आमच्याकडे ताईची नवीन उशी कालपासून हडसन बे झालीये.