वेंगुर्ल्यात परत येऊन दहा महिने: वापरानंतरचा अनुभव

वापराचा कालावधी आधीच सांगते: जून ते मार्च. त्याआधी सव्वीस वर्षं डोंबिवली. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली तसं येणं सोपं झालं, पण आम्ही यायचो ते मे महिन्यात नाहीतर गणपतीला. चाकरमान्यांचं गाव म्हणजे आंबे आणि आरत्या. बाकीच्या दिवसांत इथे काय चालतं, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळतंय.

सुरुवात वाईट झाली. पहिल्याच पावसात माजघरातलं कौल गळायला लागलं आणि गेलेली वीज तिसऱ्या दिवशी आली. (इन्व्हर्टर घ्याच.) त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद! ताज्या बांगड्यांच्या ओढीने आलेली मी दोन महिने पेज आणि सुक्या जवळ्यावर. तक्रार नाही, पेजेची चव मी विसरलेच होते.

खरी मजा दिवाळीनंतर. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा, आणि जत्रेत रात्रभर दशावतार. लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात, बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. मी मुद्दाम मागे डोकावले. द्रौपदी झालेला नट साडी गुडघ्यापर्यंत वर खोचून बाकड्यावर बसला होता आणि मोबाईलवर घरी विचारत होता, "म्हशीक वैरण घातलंस मां?" पाच मिनिटांत तोच रंगमंचावर असा रडला की माझ्या शेजारच्या म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

आणि सुरंगी. मे महिन्यात येणाऱ्यांना ती भेटतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आसोलीच्या बाजूला गेलात तर वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. फुलं देठाला लोंबत नाहीत, थेट फांदीलाच चिकटून लगडतात. गजऱ्याला कळी लागते, त्यामुळे उजाडायच्या आत झाडावर चढायचं. ऊन चढलं की ती उमलते. उरलेली फुलं वाळवून अत्तरासाठी विकली जातात. मी वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, करायला बसले तर एका तासात जेमतेम वीतभर झाला. बोटांना लागलेली केसरांची पिवळी पूड मात्र संध्याकाळपर्यंत गेली नाही. भात कालवतानासुद्धा वास येत होता!

पाचपैकी चार तारे. एक माकडांनी नेला, शहाळ्यांसकट. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यामुळे साधी न्हाणीघराची भिंत बांधायची तरी अकरा फोन. मोठं दुखणं निघालं तर गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पळावं लागतं; वय आणि औषधं बघून निर्णय घ्या, नुसतं समुद्र बघून नको.

शेजारची काकी पहिले काही महिने रोज विचारायची, "मगे, कधी जातलंस?" मी सांगायचे, जाणार नाही. तिला पटायचं नाही. माहेरवाशीण ती, जाणारच. परवा कुंपणाच्या गडग्यावरून हाक आली, "उद्या काजी जमवूक येशीत मां? टोपली तुझी तू हाड." (हाड म्हणजे आण.)