पहिलं लाकडी शिडाच्या होडीचं किट: डोरी-प्रॅम घ्यावी, डबल प्लँकिंगवाली घ्यावी का थेट ब्लूनोज?

घरात शोभेला ठेवायचं लाकडी शिडाच्या होडीचं मॉडेल पहिल्यांदाच करणार असाल, तर खोक्यावरचं चित्र बघून किट ठरवू नका. सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण मी नेमकं तेच केलं होतं. दोन डोलकाठ्या, वाऱ्याने फुगलेली शिडं, खाली निळंशार पाणी. घरी येऊन खोकं उघडलं तर आत लाकडाच्या पट्ट्यांचा जुडगा, लेझरने कापलेले प्लायचे शीट, दोऱ्याची रिळं, पितळेचं बारीकसारीक सामान आणि अर्ध्या डायनिंग टेबलाएवढा प्लॅन. ते किट माझ्याकडे तीन वर्षं कपाटावर पडून होतं. मधल्या काळात एक वीतभर लांबीची साधी उघडी होडी केली आणि ती झाल्यावर मोठं किट खाली काढलं, तेव्हा तोच प्लॅन वाचता यायला लागला होता. किती डोलकाठ्या आहेत याच्याशी पहिल्या किटचा फारसा संबंध नसतो, होडीचं अंग कसं बांधायचंय त्यावर सगळं ठरतं, आणि हे आधी माहीत असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

नवीन माणसासमोर साधारण तीन रस्ते असतात. एक म्हणजे छोट्या उघड्या होड्या. मॉडेल शिपवेज या अमेरिकन कंपनीची तीन किटं आहेत: लोवेल ग्रँड बँक्स डोरी (१:२४, म्हणजे खऱ्या होडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी), नॉर्वेजियन सेलिंग प्रॅम (१:१२) आणि मस्कॉन्गस बे लॉब्स्टर स्मॅक (१:२४). तिन्ही डेव्हिड अँटशेर्ल यांनी आखलेली आहेत आणि एकामागून एक करत शिकावं हाच त्यामागे विचार आहे. दुसरा रस्ता स्पेनच्या ऑक्रेचं पोलारिस, १:५० स्केल, डबल प्लँकिंग म्हणजे अंगावर फळ्यांचे दोन थर, नवशिक्यांसाठीच काढलेलं, कंपनीने पायरीपायरीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकलेत. आणि तिसरा म्हणजे स्वप्नातलं जहाज थेट घेणं, ज्यात सगळ्यात जास्त लोकांचा जीव अडकतो ते ब्लूनोज. मॉडेल शिपवेजचं १:६४ मधलं.

ब्लूनोजबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या लुनेनबर्गला २६ मार्च १९२१ ला पाण्यात उतरलेलं हे मासेमारीचं स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, लांबी १४३ फूट. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात कॉड मासा पकडायचं आणि शर्यतीही जिंकायचं. १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर स्कूनर दिसतं ते याच्याच धर्तीवरचं. जानेवारी १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर आदळून बुडालं. अशी गोष्ट वाचली की माणसाला तेच करावंसं वाटतं, मी समजू शकतो. पण १४३ फूट भागिले ६४ केलं की नुसतं अंगच ६८ सेंटिमीटरच्या आसपास येतं, बाउस्प्रिट (पुढे निघालेली काठी) आणि बूम (शिडाखालची आडवी काठी) पुढे-मागे निघाले तर आणखी. एवढं मॉडेल वर्षभर टेबलावर उघडं राहणार, त्याला जागा आहे का हे घरच्यांना विचारूनच ठरवा.

आता मुद्द्याचं, म्हणजे फळ्या. लाकडाची पट्टी चपट्या अंगाने हवी तशी वाकते, कडेवर वाकत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला हे कोणी सांगत नाही आणि सगळी गडबड तिथेच होते. ब्लूनोज किंवा पोलारिससारख्या किटमध्ये मधे कणा असतो, त्याला आडव्या फळकुटांचे बल्कहेड बसवतात आणि त्यावरून नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत पट्ट्या लावत जातात. होडी मधे जाड, नाळेकडे निमुळती. समजा मधल्या बल्कहेडवर कडेपासून कण्यापर्यंत ६० मिलिमीटर भरतात आणि पट्टी ५ मिलिमीटरची आहे, म्हणजे १२ पट्ट्या. नाळेपाशी तेच अंतर ३६ भरलं तर तिथे प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटरची व्हायला पाहिजे. म्हणजे बाराच्या बारा पट्ट्या दोन्ही बाजूंना मोजून, तासून निमुळत्या करायच्या, आणि रुंदी निम्म्याच्या खाली न्यायची नाही, तशी वेळ आली तर एक पट्टी मधेच संपवून दोनची एक करायची. हे न करता अख्ख्या पट्ट्याच दाबून चिकटवल्या तर त्या कडेवर वाकायला बघतात, उलटून वर उचलल्या जातात आणि नाळेपाशी पायऱ्या पायऱ्या दिसतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात अगदी असंच झालं होतं, चौथ्या पट्टीला एक टक्कन तुटली आणि मी तिथेच थांबलो.

प्रॅममध्ये हा प्रकारच वेगळा आहे. फळ्या लेझरने आधीच त्यांच्या आकारात कापलेल्या येतात, एक फळी दुसरीवर थोडी चढवायची, कौलं बसवतात तशी. प्रॅमला नाळेला टोक नसतं, पुढेही आडवी फळी आणि मागेही, त्यामुळे टोकापाशी पीळ देऊन आत घुसवायची भानगड नाही. पण सोपं म्हणजे अगदीच सोपं नाही. खालच्या फळीच्या वरच्या कडेला उतार द्यावा लागतो, वरची फळी त्यावर सपाट बसली पाहिजे, आणि हा उतार प्रत्येक ठिकाणी वेगळा. मी पॉलिश पेपर चिकटवलेली आइस्क्रीमची काडी घेऊन बसायचो, दोन घास मारायचे, फळी ठेवून उजेडासमोर धरायची, फटीतून उजेड आला की परत दोन घास. पहिल्या फळीला अख्खी संध्याकाळ गेली. पाचवीला वीस मिनिटं. हात शिकतोय हे असं डोळ्यांसमोर दिसणं मला मोठ्या किटमध्ये फार उशिरा मिळालं.

डोरी त्याहून सुटसुटीत. तळ सपाट, बाजू बऱ्यापैकी सरळ. मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरीला लोवेल्स बोट शॉप आहे, १७९३ पासूनचं, आजही तिथे लाकडी होड्या बनतात. डोरीचा आकार असा का, तर स्कूनरच्या डेकवर आतल्या बसायच्या फळ्या काढून एकात एक वाट्या ठेवाव्यात तशा रचता याव्यात म्हणून. समुद्रात पोचलं की एकेक खाली सोडायची. हे माहीत असलं की आतली प्रत्येक फळी लावताना ती तिथे का आहे ते कळतं, नुसतं नंबर बघून चिकटवणं राहत नाही.

स्मॅकबद्दल जास्त लिहीत नाही. तिथे पट्ट्या कडेला कड लावून बसवायच्या असतात, म्हणजे वर सांगितलेलं निमुळतं करण्याचं गणित येतं, पण छोट्या आकारात. ब्लूनोज करायचंच असेल तर त्याची रंगीत तालीम समजा.

आणि डबल प्लँकिंग? याच्या बाजूने खूप बोलण्यासारखं आहे आणि बरेच जुने लोक पहिल्यांदा हेच घ्या म्हणतात. खालचा थर साधारण दीड मिलिमीटरचा मऊ लाकडाचा, त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा पातळ दुसरा थर. खालच्या थरात फटी पडल्या, खड्डे पडले, तर लांबी (पुट्टी) भरा, घासून गुळगुळीत करा, वर चांगलं लाकूड चढलं की कोणाला काही दिसत नाही. चूक माफ होते. ज्याला पूर्ण झालेलं मॉडेल लवकर शोकेसमध्ये बघायचंय, ज्याला अर्धवट राहिलेल्या गोष्टींचा त्रास होतो, त्याच्यासाठी हे खरंच बरोबर आहे. माझी तक्रार एवढीच की चूक माफ होत असल्याने ती का झाली याचा विचार राहून जातो आणि पुढच्या सिंगल प्लँकिंगच्या किटमध्ये ती परत भेटते. ब्लूनोज एकेरी थराचंच आहे, बासवुडचं, बल्कहेड नीट तासले नाहीत तर अंगावर लाटा उमटतात आणि रंग दिल्यावर त्या जास्तच दिसतात, कारण चकचकीत काळ्या रंगात काहीच लपत नाही. प्रॅममध्ये तर आत-बाहेर दोन्हीकडून फळी दिसते, लपवायला जागाच नाही. ज्याला हे ऐकून दडपण येतंय त्याने डबलवालीच घ्यावी, ज्याला हुरूप येतोय त्याने प्रॅम.

दोरकामाचं उलटं आहे. प्रॅमला एक काठी, एक शीड, मोजके दोर, दोन-चार संध्याकाळी. ब्लूनोजला दोन डोलकाठ्या, त्यांचे ताण, बारीक बारीक कप्प्या, आणि चिमट्याने मारायच्या गाठी, महिने जातात. काही जणांना हेच सगळ्यात आवडतं, फळ्या कधी संपतात आणि दोर कधी सुरू होतात याची वाट बघतात. तुम्ही तसे असाल, भरतकाम किंवा विणकाम मन लावून करणारे असाल, तर छोट्या होडीत तुमचं मन भरणार नाही, पोलारिसकडे जा. शिडांचंही आधी विचारून घ्या. ऑक्रेच्या किटमध्ये बहुतेक वेळा शिवलेली शिडं येतात, मॉडेल शिपवेजच्या मोठ्या जहाजांमध्ये सहसा नसतात, नुसत्या काठ्या आणि दोर. मला शिडाशिवायचं मॉडेलही छान वाटतं, बंदरात उभं असल्यासारखं, पण घरी मुलं "शीड कुठंय?" विचारतात हे नक्की. आणि हो, यातली कुठलीही होडी पाण्यात सोडायची नाही. ही शोभेची मॉडेलं, खाली वजन नाही, लाकडाला आतून पाण्यापासून बंदोबस्त नाही. तळ्यात चालवायची हौस असेल तर रिमोटवाल्या शिडाच्या होड्यांची किटं वेगळी मिळतात, तीच घ्या.

हत्यारांचा खर्च तिन्हीकडे जवळपास सारखाच. धारदार कटर आणि भरपूर ब्लेड, बारीक कानस, १२० पासून ४०० पर्यंतचे पॉलिश पेपर, चिमटा, हातात फिरवायचं बारीक ड्रिल, स्टीलची पट्टी. क्लॅम्प म्हणून कपड्यांचे लाकडी चिमटे उलटे करून लावा, झकास काम करतात. डिंकाला पांढरा फेव्हिकॉल पुरतो. फेविक्विक जपून, कारण लाकडात मुरलं की त्या जागी पॉलिश धरत नाही आणि डाग कायमचा राहतो. पट्टी वाकवायला वीसेक मिनिटं पाण्यात भिजवायची, बल्कहेडवर बांधून ठेवायची, रात्रभर सुकू द्यायची आणि मगच डिंक लावायचा. ओली पट्टी चिकटवली तर सुकल्यावर आकसते आणि फट पडते. बासवुड या बाबतीत गरीब स्वभावाचं, अक्रोडाची पट्टी मात्र न भिजवता वाकवली तर चिरफाळतेच.

यावरून आमच्याकडच्या हवेचं सांगायला हवं. मी ठाण्यात राहतो. जुलैमध्ये लावलेल्या फळ्यांना जानेवारीत केसभर फटी दिसायला लागल्या, लाकूड पावसात फुगलेलं होतं म्हणून. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या लोकांना एवढा त्रास कदाचित नसेल, पण मुंबई, कोकण, गोव्याकडच्यांनी खोकं आल्यावर पट्ट्या लगेच वापरू नयेत, आठ-दहा दिवस खोलीतच उघड्या ठेवाव्यात आणि शक्यतो फळ्यांचं काम पावसाळ्याच्या बाहेर करावं. दोरकाम पावसात खुशाल करा. छोट्या होडीचं हे पण बरं असतं, दिवाळीनंतर फळ्या सुरू केल्या की होळीपर्यंत आरामात संपतात. ब्लूनोजच्या फळ्यांमध्ये एक पावसाळा येणारच.

किट मागवताना एक लक्षात ठेवा. परदेशातून आलं की कुरिअर आणि कस्टम मिळून रक्कम चांगलीच फुगते. माझ्या एका खोक्यावर किती लागणार हे आधी कोणी सांगितलंच नाही, दारात पोचल्यावर आकडा कळला. ते तीन छोट्या किटांचं एकत्र पॅकेजही निघतं, पण तीन होड्यांचा उत्साह टिकेल का हे आपल्याला आधी माहीत नसतं, म्हणून मी तरी एकच मागवा म्हणेन. अमेरिकेत, कॅनडात नातेवाईक असेल आणि दिवाळीला येणार असेल तर उत्तम, डोरीचं खोकं बॅगेत बसतं, ब्लूनोजचं लांबुडकं खोकं मागवायला मात्र संकोच वाटतो. सुटा भाग हरवला किंवा पट्टी तुटली तर घाबरू नका, पट्ट्या इथल्या व्हिनियरच्या दुकानातून कापूनही भागतं, मी सागाच्या दोन लावल्यात, कोणाला ओळखू येत नाही.

तर माझं मत. सुतारकामाची ओढ असेल, लाकूड कसं वागतं हे शिकायचं असेल, तर प्रॅम पहिली, हात अगदीच नवीन असतील तर डोरी. दहा-बारा वर्षांच्या मुलीबरोबर किंवा मुलाबरोबर करायची असेल तर डोरीच, कारण आठवड्याला काहीतरी झालेलं दिसतं आणि मुलांना ते दिसावं लागतं. व्हिडिओ बघून शिकणं जमत असेल, लिहिलेल्या सूचना वाचायचा कंटाळा असेल आणि दोरकाम करायचंय, तर पोलारिस, अगदी बिनधास्त. थेट ब्लूनोज फक्त त्याने घ्यावं ज्याने आधी लाकडात बारीक काम केलंय, सतार-तंबोऱ्याची दुरुस्ती, फर्निचर, काहीही, आणि ज्याला वर्ष-दीड वर्ष लागलं तरी चालणार आहे.

मी सध्या ब्लूनोजवरच आहे, तेच कपाटावरचं खोकं. अंग झालंय, डेक झालंय, आता डेकवरच्या डोऱ्या करतोय, बोटाएवढ्या, एकात एक रचायच्या. त्या रचता याव्यात म्हणून आतल्या फळ्या कुठल्या काढायच्या ते प्लॅनमध्ये बघावं लागलं नाही.